सवतीच्या साबणातलं फूल

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा न्हाणीच्या फळीवर चार साबण मांडलेले होते. बाजारातले नव्हेत. जाड, गोल, सायीच्या रंगाचे, आणि प्रत्येकाच्या तोंडावर एक फूल: पाच लाल पाकळ्या, भोवती निळी पानं, मध्ये पिवळा ठिपका. निळी पानं कोणत्या झाडाला असतात देव जाणे. मला ते फूल पाहून हौस वाटायला हवी होती. पण मी पाणी ओतून घ्यायचं सोडून त्या चार पिवळ्या ठिपक्यांकडे बघत उभी राहिले, आणि पाठ फिरवून आंघोळ करायची मला भीती वाटली.

ते साबण माझ्या सवतीनं केलेले होते. मी दुसरेपणाची बायको. पहिली नागपूरची, माहेरी असताना स्वदेशीच्या वर्गात साबण करायला शिकलेली, आणि दुसऱ्या बाळंतपणात बाळासकट गेलेली. मी मुर्रीची, गोंदियाच्या वेशीवरची, गाडीच्या शिट्टीवर दिवस मोजणारी. लग्न लागून इकडे चिचगडच्या बाजूला रानात आले, तिथं शिट्टी नाही की काही नाही. बोहल्यावरून उतरताच सासूनं माझ्या गळ्यात काळ्या रेशमाच्या दोऱ्यात ओवलेला टाक बांधला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीला असं गळ्यात बाळगायचं असतं. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास टाकापुढे धरायचा. नाहीतर ती रागावते, आणि मेलेल्या सवतीचा राग जिवंत सवतीच्या रागापेक्षा वाईट, असं सगळ्या बायका सांगत. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती मला 'नवी' म्हणायची. "नवी, भात दे." "नवी, सरक." आंघोळ मात्र माझ्या हातून करून घ्यायची नाही. घंगाळाशी नेलं की किंचाळायची. शेवटी तिचं तिनं त्या फुलाच्या साबणानं अंग चोळायचं आणि मी लांबून तांब्यानं पाणी ओतायचं, असा तह झाला.

एकदा मी विचारलं, "मले हात लावू काऊन नाई देत?"

"माय नाई म्हनून राहिली," ती म्हणाली आणि हातातला साबण दाखवला. "थे फुलात हाये ना."

ऊन लख्ख होतं. बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीतून उन्हाच्या रेघा तिच्या ओल्या पाठीवर पडल्या होत्या. वाळ्याचा वास येत होता, तिच्या आईनं साबणात घातलेला. मी हसून विषय बदलायला पाहिजे होता, पण मी साबणाकडे बघितलं. साबण निम्मा झिजला होता आणि फूल जसंच्या तसं होतं. पाकळी पुसट नाही, ठिपका लहान नाही. साबणावर काढलेलं चित्र चार आंघोळीत धुऊन जातं. हे आरपार होतं. जितकं झिजवावं तितकं आतून पुन्हा तेच वर येत होतं.

पावसाळाभर साबण झिजत गेले. तिसरा संपला आणि चौथा राहिला, तेव्हा पोरीनं आंघोळच बंद केली. फूल संपलं की माय जाते, असं तिचं ठरलं होतं. अंगाला खरूज झाली तरी पाण्याला शिवेना. सासू चिडून म्हणायची, "पोट्टी सुकून राहिली अन् तू पाहून राहिली!" जणू काही मीच तिला वाळत घातली होती.

पोळ्याला तिचा मामा आला. शांत माणूस. भाचीचं अंग बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "चैत्रात मी परत येईन. पोर इथं रमली नसेल तर नागपूरला घेऊन जातो. तुमचा संसार नवा आहे, त्यात तिची फरफट नको." नवऱ्यानं मान डोलावली. आमच्याकडे पुरुष मान डोलावतात आणि निस्तरायचं बायकांनी.

मला ती पोर हवी होती. खरं सांगते, त्यात माया किती आणि भीती किती हे मला तेव्हाही कळलं नाही. त्या घरात माझ्याइतकंच परकं तेवढं तिचं तोंड होतं, म्हणून माया. आणि ती गेली तर या घरात ती मेलेली आणि मी अशा दोघीच उरू, म्हणून भीती. तेव्हा चैत्रापर्यंत तिला आपली करायची, आणि त्यासाठी तिच्या आईचं फूल करायचं, असं मी मनाशी घेतलं.

कोठीत सवतीनं ठेवलेला कॉस्टिक सोड्याचा अर्धा डबा होता. लढाईचे दिवस, गोंदियाच्या बाजारात तो आता मिळत नव्हता. माप मात्र सासूला पाठ होतं. सुनेनं तेलाची नासाडी केली हा तिचा जुना राग. "सात पाव तेलाले एक पाव सोडा जाय तिले. सात पाव! अर्धं खोबऱ्याचं, अर्धं टोरीचं." टोरी म्हणजे मोहाची बी. रागानं लक्षात ठेवलेलं माप कधी चुकत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी अंगणात बसले. मडक्यात पाणी, त्यात लाकडी उलथन्यानं सोडा सोडला. खाली चूल नव्हती, जाळ नव्हता, निखारासुद्धा नव्हता. आणि पाणी तापायला लागलं. आधी वाफ, मग सूं असा आवाज, मग मडक्याला हात लाववेना. मी उठून चार पावलं मागे गेले. पोर ओट्यावरून बघत होती. ती अजिबात घाबरली नाही.

"थंडं होऊ दे मनते," ती म्हणाली. "मंग तेलात टाक."

"कोन मनते?"

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा विचारलं नाही. थंड झाल्यावर तेलात धार सोडली. घोटत गेले. दाट झालं. फुलाचा मधला पिवळा ठिपका आधी करून बघावा म्हणून थोडं वाडग्यात काढलं आणि चिमूटभर हळद टाकली. पिवळ्याला हळद, यात काय अक्कल लागते.

उलथनं एकदा फिरलं आणि वाडगं लालभडक झालं.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे पोरीबाळींनाही माहीत असतं. पण मला त्या क्षणी ते आठवलं नाही, आणि सासूला भलतंच आठवलं. ती बाहेर आली, वाडग्यात बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "हे तिचं कुंकू हाये," ती हळू म्हणाली. एरवी ती हळू बोलत नसे. "सवाष्ण गेली थे. तुह्या हातानं मागून राहिली. फेक! उकिरड्यात गाड!"

मी वाडगं उचललं. पोर ओट्यावरून म्हणाली, "फेकू नोको. पिवरं होते मनते."

मी ते गाडलं नाही. परसात गेले, बांबूच्या पोकळ कांडीत ते लाल ओतलं आणि कांडी धानाच्या कणगीमागे लपवली. सासूला सांगितलं, गाडलं. महिनाभर त्या कणगीतून धान काढताना माझा हात आखडायचा.

महिन्यानं कांडी फोडली. आतली कांब पिवळी होती. केवड्यासारखी पिवळी, लालाचा डागही नव्हता. हळदीचं कुंकू होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुंकवाची परत हळद झालेली मी तोवर पाहिली नव्हती. मी ती कांब हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. माझ्या सवतीला हे माहीत होतं, आणि तिच्या पोरीला माहीत होतं. पोरीला कसं? तीन वर्षांची असताना बघितलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. समजावल्यानं पोट भरत नाही, पण वेळ जातो.

मग फुलाचं गूढ माझं मलाच उलगडलं. बारीक कांड्यांत गेरूच्या लाल कांबी पाच, निळीच्या कांबी पाच. त्या सगळ्या पिवळ्या कांबीभोवती जुडीसारख्या बांधायच्या, जाड बांबूच्या नळ्यात उभ्या करायच्या आणि वरून पांढरा साबण ओतायचा. घट्ट झाला की बांबू चिरायचा आणि काकडीसारख्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीत फूल. बांबूचं पेर हेच नळ्याचं बूड.

मार्गशीर्षात शेवटचा सोडा वापरून मी ते केलं. बुडात आधी बोटभर साबण ओतून तो आवळू दिला, जुडी त्यात रोवली, आणि नळ्यावर वाकून धार धरली. मान खाजत होती, उडालेला थेंब लागला असावा. ओल्या हातानंच पुसली. मला आठवतंय, त्या वेळी मी डावा गुडघा वर घेऊन बसले होते. मी एरवी मांडी घालून बसते. सासू पाठीमागून आली आणि तिनं हाक मारली. मी "ओ" दिली. माझ्या हातातली धार थांबली. तिनं माझ्या सवतीचं नाव घेतलं होतं.

"थे अशीच बसे," सासू म्हणाली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी पदर सारखा करताना गळ्याला हात लागला. टाक नव्हता. दोऱ्याची दोन टोकं लुगड्यात अडकली होती, मऊ, कुजल्यासारखी. सोड्यानं रेशीम खाल्लं होतं. मी अंगण झाडलं, न्हाणी शोधली, शेणाची पाटी उपसली. साबण ओतलेला नळा समोर उभा होता, आणि तिथं बघायचं मला सुचलं नाही. खरं तर सुचलं असेल. पण तो फोडला तर फूल मोडतं आणि डब्यात सोड्याचा कण उरलेला नव्हता. माणूस शोधतो तेव्हा सोयीच्या जागी शोधतो.

सासूला सांगायची छाती नव्हती. मी नवा दोरा घेतला, त्यात एक चांदीची पावली, राजाच्या तोंडाचं चार आण्याचं नाणं, गुंडाळून बांधली आणि पदराखाली लपवली. म्हणजे ज्या सवतीला नवं लुगडं आधी दाखवायचं तिच्या जागी संक्रांतीला इंग्रजांचा राजा माझं लुगडं बघत होता. आज हसू येतं. तेव्हा माझी झोप उडाली होती. सवत आता बांधलेली नव्हती. ती घरात कुठंही असू शकत होती.

आणि ती होती. भर दुपारी घरात कुणी आंघोळ करत नसताना वाळ्याचा वास यायचा. मी साबणात वाळा घातलाच नव्हता. मिळालाच नव्हता. कधी चुलीपाशी, कधी कोठीच्या दारात, एकदा माझ्याच केसांना. मी वास घेत घेत घरभर फिरायचे, आणि ज्या खोलीत जावं तिथून तो नुकताच उठून गेलेला असायचा. पोर मात्र मायच्या गोष्टी सांगेनाशी झाली होती. मी एकदा मुद्दाम विचारलं, "माय काय मनते?" ती खेळता खेळता म्हणाली, "काई नाई." मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, पोरीशी बोलत नसेल तर ती कुणाशी बोलत होती?

बांबू मी महिनाभर सुकवून पौषात चिरला. सुरेख आठ चकत्या निघाल्या. पोरीनं टाळ्या पिटल्या. मी तिच्यापुढे सगळ्या मांडल्या. तिनं सात बाजूला सारल्या आणि बुडाची उचलली, पेराच्या खुणेची, वेडीवाकडी, जिच्यातलं फूल एका बाजूला कललेलं होतं.

"थे नोको, हे चांगली घे," मी म्हटलं.

"मले हेच पाह्यजे."

आणि त्या दिवशी तिनं साबण माझ्या हातात दिला, पाठ माझ्याकडे केली, आणि म्हणाली, "चोळ."

तिच्या आईचा शेवटचा साबण तिनं फळीवर तसाच ठेवून दिला, आणि रोज माझ्या हातून त्या वाकड्या साबणानं न्हाऊ लागली. तिची खरूज गेली. अंगावर मांस आलं. भात मागताना ती मला 'नवी' म्हणेनाशी झाली, पण दुसरं काही म्हणतही नव्हती. नुसतं पदर ओढायची. मी त्या एका शब्दाची वाट बघत होते. चैत्र जवळ येत होता.

मामा आला तेव्हा सकाळ होती. तो पडवीत चहा पीत बसला. सासू म्हणाली, "आधी आंग धुऊन दे पोरीचं, मंग बोला काय बोलाचं थे." न्हाणी पडवीला लागूनच, मध्ये एक तट्टा. मामाच्या बशीचा आवाजसुद्धा आत ऐकू येत होता. साबण आता पापडाएवढा पातळ झाला होता. पोर तो हाताला चोळत होती. मी तांब्या उचलला, आणि वाळ्याचा वास आला. इतका दाट कधी आला नव्हता. माझ्या पाठीशी, अगदी मानेजवळ, कुणी ओले केस सोडून उभं राहावं तसा.

मी वळले नाही. पोरीच्या हाताकडे बघत राहिले. दोन पाकळ्यांच्या मध्ये साबणातून काहीतरी चकाकलं. तिनं अंगठ्यानं घासलं. आधी कपाळ आलं, मग डोळे, मग नाक. फेसातून एक बाई वर येत होती.

माझ्या ध्यानात आलं. पौषापासून ती माझ्या मुठीत होती. पोरीच्या पाठीवरून, गळ्यावरून, पोटावरून रोज तीच फिरत होती. सगळे दिवस तिनंच आपल्या लेकीला न्हाऊ घातलं होतं. माझा नुसता हात होता.

पोरीनं तो टाक साबणातून काढला. पाण्यात बुडवला, उन्हाच्या रेघेत धरला, उलटा केला, सुलटा केला. आता ती म्हणेल, माय आली. आता किंचाळेल, आणि मामा तिला घेऊन जाईल.

तिनं टाक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "माय, हे कोन हाये?"

तट्ट्यापलीकडे बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

ज्या शब्दासाठी मी वर्षभर जीव टाकला तो असा मिळाला. मला आनंद झाला नाही. मला रडू फुटलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. मी तिला म्हटलं, "हे तुही माय."

ती हसली. मी थट्टा करते असंच तिला वाटलं. "माय त तू हायेस," ती म्हणाली, आणि टाक घंगाळात टाकून पाण्याशी खेळू लागली.

माझ्या मानेजवळचा वास हळूहळू कमी झाला. तट्ट्यातून उन्हात गेला असावा. मी हात पुढे केला होता, तिला धरायला की जा म्हणायला, मला सांगता येणार नाही.

मामा दारापाशी आला. त्यानं घंगाळात बघितलं, मग साबणातलं फूल बघितलं. त्यानं नुसतं पाणी मागितलं, ते प्यायला, आणि एकटाच परत गेला. फळीवरचा पोरीच्या आईचा शेवटचा साबण मी त्याच्या पिशवीत घातला. लेकीनं तिला ओळखलं नाही, भाऊ तरी ओळखेल.

पावली मी सोडली आणि टाक पुन्हा गळ्यात बांधला, सुती दोऱ्यात. तो अजून आहे. पुढं सोडा मिळू लागला तसे मी कितीतरी साबण केले, वाळा घालून केले. तो वास येत नाही. लेक आता स्वतः नातवंडांची आजी झाली आहे, आणि त्या दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही. नवं लुगडं आलं की मी आधी टाकाला लावते आणि थोडं थांबते. कुणी आहे का ते बघते. कुणी नसतं. मग मी नेसते.